'चार्ज' या एका शब्दात नक्की किती शब्द आहेत?

दांडियाबाजारची आत्या (बडोदे)
नमस्कार मंडळी. काल संध्याकाळी चहाच्या वेळी पुतण्या वीजबिल वाचत होता. 'फिक्स्ड चार्ज' एवढा का, म्हणून कुरकुर. तेवढ्यात त्याच्या ऑफिसातून फोन, उद्यापासून स्टोअरचा चार्ज तुझ्याकडे. फोनचा चार्ज संपत आलेला, म्हणून तो भिंतीशी वायरीला चिकटून उभा. टीव्हीवर कुठल्याशा मोर्चावर लाठीचार्ज, आणि शेजारची दहावीतली पोरगी विचारतेय, "आत्या, निगेटिव्ह चार्ज म्हणजे काय हो?" मी म्हटलं, बाई, आधी मला चहा पिऊ दे.
पण प्रश्न डोक्यात राहिला. फुलांची माळ वेगळी आणि ओसाड माळ वेगळा, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. तसे हे चार-पाच निरनिराळे शब्द आहेत, की मूळ एकच? आणि मूळ एक असेल तर वीजबिल आणि लाठी एका घरात नांदतात कशी?

जुना मास्तर
आत्या, मूळ एकच. लॅटिनमध्ये 'कारुस' म्हणजे गाडी. त्यावरून गाडीत माल भरणे या अर्थाचं क्रियापद झालं, ते फ्रेंचमधून इंग्रजीत 'चार्ज' होऊन आलं. कार, कॅरी, कार्गो ही सगळी याचीच भावंडं. कॅरिकेचरसुद्धा! चेहऱ्यावर नाक-कान जास्त 'लादले' की व्यंगचित्र.
म्हणजे चार्ज = लादणे, भरणे. खिशावर लादला तो बिलातला चार्ज, माणसावर लादला तो कामाचा चार्ज. आपणही कार्यभार, पदभारच म्हणतो ना? तुमच्या दहावीवालीच्या विजेच्या चार्जला तर मराठीत सरळ 'विद्युतभार' म्हणतात. सगळीकडे ओझंच.
पुढची गंमत बंदुकीत. दारू ठासून भरणे म्हणजेही चार्ज. आपण म्हणतो बार भरणे. फारसीत 'बार' म्हणजे ओझं, आपल्या 'भार'चा सख्खा भाऊ. तंबाखूचा बार भरणारे आजोबा इंग्रजीत चार्जिंगच करत होते म्हणायचं.
1740च्या दशकात विजेचे प्रयोग करणारे लायडन जार नावाच्या काचेच्या बरणीत वीज साठवू लागले. बंदुकीत दारू भरतात तशी बरणीत वीज 'भरली' जायची. अशा बरण्या ओळीनं जोडल्या तेव्हा बेंजामिन फ्रँकलिननं त्यांना 'बॅटरी' म्हटलं. हा तोफखान्याचा शब्द. तेव्हा पुतण्याच्या फोनमध्ये अख्खा तोफखाना आहे.

पक्षकाराचा वकील
मास्तरांच्या म्हणण्याला सातबारावरून पुरावा देतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882, कलम 100. गहाण न ठेवता स्थावर मालमत्ता एखाद्या रकमेला तारण राहिली, तर इंग्रजीत त्याला चार्ज म्हणतात. आणि उताऱ्यावर काय लिहितात? बोजा! गुजरातीतही तेच. हे कोणी कोश उघडून ठरवलं नसावं, तलाठ्याच्या टेबलावरच झालं असणार.
फौजदारीकडे मात्र लोक दोन गोष्टींची गल्लत करतात. पोलीस कोर्टात देतात ती चार्जशीट. 'चार्ज फ्रेम' करतं ते कोर्ट, नंतर, कागद वाचून. चार्जशीट आली म्हणजे आरोप निश्चित झाला असं नाही. अशील दर वेळी या दोन्हींत गोंधळतात. आणि 'आरोप' तरी काय? चढवणे, वर ठेवणे. पुन्हा ओझंच.

खडकवासला
महाराष्ट्रातल्या वीजबिलावर चार्जसाठी 'आकार' हा शब्द आहे, 'स्थिर आकार', 'वहन आकार' असं छापतात. माझ्या मुलाला ते गोल-चौकोनी आकार वाटायचे. तिथे भार चालला नसता, कारण त्याच बिलावर 'मंजूर भार' म्हणजे लोड असतो.

रावपुऱ्यातला
चार्जचं काय घेऊन बसलात. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या 1989च्या आवृत्तीत एकट्या 'सेट'ची नोंद 60,000 शब्दांची होती. आत्या, त्यात तुमचा टीव्ही सेटही आला. आणि भाषांतराची हौस असेल, तर आपल्या बडोद्यातच बघा. सयाजीरावांच्या संस्थानानं 1931 साली 'श्रीसयाजीशासनकल्पतरु' काढला, सरकारी कामाच्या इंग्रजी शब्दांना मराठी, गुजराती, संस्कृत वगैरे भाषांतले प्रतिशब्द देणारा. राजा मराठी, दरबारी कारभार गुजराती, कायदे इंग्रजी वळणाचे, मग असा ग्रंथ लागणारच.

दांडियाबाजारची आत्या
मास्तर, बाकी सगळं पटलं. लाठी तेवढी राहिली. तिच्यात काय भरलंय?

जुना मास्तर
लाठीत काही नाही. आधी हत्यार भरून रोखून धरणं, मग रोखलेलं हत्यार घेऊन तुटून पडणं, असा बहुधा अर्थ सरकला. घोडदळाचा चार्ज तोच. इंग्रजांच्या पोलिसांनी इथे त्याला लाठी जोडली. आपल्या पेपरवाल्यांनी मात्र 'लाठीमार' हा सरळ शब्द केला, तोच बरा. फक्त त्याच्यापुढे 'सौम्य' का लावतात, ते ज्याच्या पाठीवर पडली त्यालाच विचारा.