विषय: मंडळाचा ट्रेलर ओढायला कोणता हिच घेऊ?

नमस्कार मंडळी,
या वेळी स्टेजचं सामान आणायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. ट्रेलर मंडळाचा, गाडी माझी, आणि गाडीला मागे हिच, म्हणजे ट्रेलर जोडायचा लोखंडी सांगाडा, लावलेलाच नाही. ऑनलाइन बघायला बसलो तर सवा इंची रिसीव्हर (हिचची चौकोनी नळी), दोन इंची रिसीव्हर, क्लास वन टू थ्री (किती वजन पेलतं त्याचे वर्ग), ड्रॉप, राइज (बॉल रिसीव्हरपेक्षा किती खाली किंवा वर), डोकंच गरगरायला लागलं. मॅन्युअलमध्ये टोइंग 3500 पौंड लिहिलंय. सवा इंची स्वस्त पडतो आणि त्याला दोन इंची करायचा ॲडॉप्टर पण मिळतो, तोच घेऊन टाकू का? रिसीव्हरमध्ये घालायचा बॉल माउंट, म्हणजे बॉल बसवायचा दांडा, तर सामानाच्या खोक्यात एक पडलाच आहे, बॉलसकट.
- सामान समितीतला नवा भिडू

---

उत्तर:

अरे बाबा, त्या खोक्यातल्या बॉलला हात लावू नकोस!! मागे मी तोच लावला होता. कपलर, म्हणजे ट्रेलरच्या नाकावरची वाटी, बॉलवर मस्त बसला, लॅच (खटका) पडलं, पिन पण गेली, म्हटलं झालं काम. पार्किंगमधून बाहेर पडताना स्पीडब्रेकर आला आणि मागे धाडकन आवाज, आरशात बघतो तर ट्रेलरचं नाक बॉलवरून सुटून साखळ्यांवर लोंबतंय. नशीब साखळ्या खालून फुलीसारख्या टाकल्या होत्या, म्हणून ट्रेलरची पुढची दांडी त्या झोळीत अडकली, सरळ टाकल्या असत्या तर रस्त्यात रुतली असती. नंतर टॉर्च मारून बघितलं, कपलरवर 2 कोरलंय आणि बॉलच्या डोक्यावर 1 7/8. म्हणजे आपल्या वर्कशॉपच्या भाषेत बरोबर एक सूत, इंचाचा आठवा भाग, कमी. सुतावरून स्वर्ग गाठायचीच वेळ आली होती.

तेव्हा पहिले कपलरवरचा आकडा वाच आणि त्याच मापाचा बॉल घे, 2 5/16 चाही असतो, तो जड ट्रेलरना. आणि लॅच लावल्यावर ट्रेलरचा जॅक फिरवून दांडी वर उचलून बघ, बॉल कपलरमध्ये धरला असेल तर गाडीचं बूड पण सोबत वर यायला लागतं, नुसता कपलरच वर आला तर समज धरलेलं नाहीये. हे मी आता दर वेळी करतो, मागचे लोक हॉर्न वाजवतात, वाजवू देत.

बॉलचा नट हाताने आवळून भागवू नकोस. माझ्या एक इंची शँकच्या (खालच्या आट्याच्या दांड्याच्या) बॉलच्या पाकिटावर 250 फूट-पौंड लिहिलं होतं आणि घरचा टॉर्क रेंच 150 ला संपतो, म्हणून गॅरेजमध्ये नेऊन आवळून घेतला.
- काका

---

उत्तर:

काकांचं बरोबर, पण त्याचा प्रश्न रिसीव्हरचा आहे :) ॲडॉप्टर घेऊ नकोस. त्याने भोक मोठं होतं, ताकद वाढत नाही, उलट बॉल गाडीपासून लांब गेल्यामुळे बरेचदा कमीच होते. गाडी, रिसीव्हर, बॉल माउंट, बॉल, कपलर, साखळ्या, सगळ्यांवर आकडे असतात, त्यातला सगळ्यात छोटा तोच तुझा आकडा. क्लास वनला बहुतेक 2000 पौंड ट्रेलर आणि दांडीवर 200 पौंड भार एवढंच चालतं. आपला ट्रेलर भरून 2200 च्या आसपास जातो, म्हणजे तो बादच. तुझ्या गाडीला क्लास थ्री, दोन इंची बसत असेल तर तोच घे, फक्त 8000 पौंडांचा क्लास थ्री लावला म्हणून गाडीचे 3500 चे 8000 होत नाहीत, हे डोक्यात ठेव.

दांडीवरचं वजन एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के हवं, म्हणजे तुझ्याकडे 220 ते 330. आणि हो, गाडीच्या मॅन्युअलमध्ये या वजनाचा पण वेगळा आकडा असतो, तो बघ. माझ्या कॅम्परला मी बाथरूमचा वजनकाटा वापरते, कपलरच्या उंचीला खोकी रचून वर काटा ठेवायचा आणि दांडी त्यावर टेकवायची. 300 च्या वर काटा जात नसेल तर जपून, तुझं वजन 330 पर्यंत जाऊ शकतं. मागच्या वेळी आपल्या पोरांनी घाईत सगळे स्पीकर मागच्या दाराशी कोंबले होते, पुढे हलकं झालं की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. तसं झालं तर घाबरून ब्रेक दाबू नकोस, स्टिअरिंग सरळ धर आणि ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच काढ.
- कॅम्परवाली ताई

---

उत्तर:

वायरिंगचं कोणीच बोललं नाही. चार पिनांच्या सपाट प्लगमध्ये पांढरी अर्थिंग, तपकिरी टेललाइट, पिवळी डावीकडची, हिरवी उजवीकडची. डावा इंडिकेटर दिला आणि भलताच दिवा मंद लुकलुकला तर बल्ब बदलत बसू नका, पांढऱ्या वायरचा स्क्रू खोला, खाली गंज असतो, कानसीने घासून चकचकीत करा. गाडीचे इंडिकेटर ब्रेकलाइटपासून वेगळे असतील तर मध्ये कन्व्हर्टर लागेल.

---

उत्तर:

सगळ्यांचे आभार! मॅन्युअलमध्ये दांडीचा आकडा 350 निघाला आणि गाडीला क्लास थ्री बसतो, ऑर्डर केला. काल ट्रेलर लेव्हल करून मोजलं, जमिनीपासून रिसीव्हरच्या आतल्या वरच्या कडेपर्यंत 17 इंच आणि कपलरच्या खालपर्यंत 15, म्हणजे 2 इंच ड्रॉपचा माउंट, बरोबर ना? माउंट अडकवायची पिन पाच सुती लागते म्हणे, दोन इंची रिसीव्हरला. कपलरवर 2 च आहे, दोनदा वाचलं. खोक्यातला तो बॉल फेकून देऊ का?

---

उत्तर:

फेकू नका हो, तो माझा आहे! माझ्या छोट्या बोटीच्या ट्रेलरचा, सामान हलवताना चुकून मंडळाच्या खोक्यात गेला असणार. दोन उन्हाळे शोधतोय.