सफाई आहे, पण तू कुठे आहेस? (हाताने घडवणाऱ्यांचे अनुभव)

पेणला आमचा गणपतीचा कारखाना आहे, आजोबांपासूनचा. शाळेत असल्यापासून मी साच्यात शाडू दाबतोय. गेली तीन वर्षं मुंबईत शिल्पकला शिकतोय. मागच्या महिन्यात वर्गात एक व्यक्तिशिल्प केलं. सरांनी भोवती फिरून पाहिलं आणि म्हणाले, "सफाई छान आहे, पण ही कारागिरी झाली. यात तू कुठे आहेस?" तेच काम रात्री फोनवर बाबांना दाखवलं. बाबांनी फोटो मोठा केला, कानाखाली बोट ठेवलं. "मान कच्ची आहे रे. उचलायला गेलास तर इथून जाईल."

मला दोघांचंही पटतं, आणि तिथेच अडकलोय. आमच्या मूर्तीवर कुणाची सही नसते. दीड दिवसाने नाहीतर दहा दिवसांनी ती पाण्यात जाते. कॉलेजात मात्र प्रत्येक कामाखाली नाव लागतं. घरी हात चालवताना मी काही विचार करत नाही, कॉलेजात विचार करताना हात चालत नाही.

तुम्ही हाताने काही घडवत असाल तर हा पेच तुम्हाला कधी पडला? सल्ला नको, घडलेलं सांगा.

मिरज, तंबोरे करतो

आमच्याकडे भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. तो कापायचा, दांडी बसवायची, रंग-पॉलिश, हे सगळं मी चार वर्षांत शिकलो. जवारीला मात्र काकांनी पुढची सहा वर्षं हात लावू दिला नाही. घोडीचा, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीचा, माथा कानशीने असा घासायचा की तार त्यावर एका जागी टेकून न बसता हलकेच लागत-सुटत राहिली पाहिजे. त्यातून तो गुंजणारा आवाज निघतो. केसभर जास्त घासलं की आवाज फाटला, आणि घासलेलं परत भरून येत नाही.

काका गेल्यावर पहिल्यांदा एक गायिका आल्या. "जवारी फार खुली आहे, माझा आवाज झाकतो," म्हणाल्या. मी विचारलं, किती बंद करू? त्या म्हणाल्या, "मी गाते, तुम्ही ऐका." दीड तास त्या षड्ज लावून बसल्या होत्या आणि मी दोनदा घासायचो, तार चढवायचो, ऐकायचो, परत उतरवायचो. त्याआधी दहा वर्षं मी वाद्य बनवत होतो, पण कुणाच्या तरी गळ्यासाठी बनवतोय हे त्या दिवशी कानाला कळलं. ती दहा वर्षं नसती तर कळूनही हाताने काही करता आलं नसतं.

2024 मध्ये आमच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. फार बरं वाटलं. गावाचं नाव तरी लागलं.

येवला, मागावर बसते

मला तुझ्या सरांपेक्षा बाबांचं बोलणं जवळचं वाटलं, पण सरांचा प्रश्न मलाही एकदा पडला होता.

पदरावरचा मोर विणताना प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली, म्हणजे धागा गुंडाळलेली काडी, असते. ती ताण्यातून हाताने ओवायची आणि शेजारच्या रंगात अडकवायची. म्हणून हातमागाची पैठणी उलटी-सुलटी सारखीच दिसते. पंधरा वर्षं मी मोर, मुनिया पक्षी, आसावलीची वेल हेच विणलं. मग वाटलं, आमच्या दारातल्या डाळिंबावर बुलबुल बसतो, तो का नाही? कागदावर छान गोल काढला. मागावर घेतला तर त्याच्या पाठीला पायऱ्या पडल्या. दोन आठवडे उसवत होते. धाग्यात गोल नसतोच, एकेक पायरी चढत वळण आणावं लागतं. तेव्हा जुन्या मुनियेची मान तशी का आहे ते उमगलं. कुणीतरी ती कागदावर नाही, ताण्या-बाण्यातच काढली असणार. पंधरा वर्षं विणूनही मी ती कधी पाहिली नव्हती.

शेवटी मोरांच्या मधे दोनच बुलबुल घातले. व्यापाऱ्याने नक्षी चुकली म्हणून मजुरी कापली. ते पैसे अजून आठवतात. पण ते दोन पक्षी कुठल्या साडीत, कुठल्या बाजूला बसलेत, तेही आठवतं.

वर्धा, निवृत्त चित्रकला शिक्षक

आमच्या जिल्ह्यात 1937 साली गांधीजींनी हस्तउद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. मी त्याच जिल्ह्यात 31 वर्षं शिकवलं, आणि माझ्या वेळापत्रकात चित्रकलेचा तास वेगळा होता, कार्यानुभवाचा वेगळा. चित्रकलेला एलिमेंटरी-इंटरमीजिएटचा मान, कार्यानुभवाला उरलेला वेळ.

एक बुरुडाचा मुलगा होता. स्मरणचित्रात त्याचा हात चालत नसे. मी पालकसभेत त्याच्या वडिलांना सांगितलं, "चित्रकलेत कच्चा आहे." पुढच्या आठवड्यात त्याने मला एक टोपली आणून दिली. बांबूच्या पाठीच्या हिरव्या पट्ट्या आणि आतल्या पांढऱ्या पट्ट्या अशा घातल्या होत्या की टोपली फिरवली तर लाट वर चढत जाताना दिसे. संकल्पचित्रात मी जे फळ्यावर शिकवत होतो ते सगळं तिच्यात होतं. मी ती घेतली, छान म्हटलं आणि त्यात भाज्या ठेवल्या. त्याचा शेरा मात्र बदलला नाही. तो मुलगा नववीनंतर शाळेत आला नाही. हे मी आज पहिल्यांदा कुठेतरी लिहितो आहे.

कोल्हापूर

थोडक्यात लिहिते. एका प्रदर्शनात भिंतीवर वाकळ टांगली होती, खाली दिवे वगैरे. सोबत माझी आत्या. तिने जवळ जाऊन कोपरा उलटून मागचे टाके बघितले आणि म्हणाली, "ही घाईत शिवलीया. थंडीच्या आधी संपवायची असंल."

अलिबाग, मातीची भांडी करते

पेणहून सासवणं फार लांब नाही, एकदा जाऊन ये. शिल्पकार वि. पां. करमरकर तिथले, जन्म 1891. त्यांचे वडीलही गणपती करायचे. मुलाने देवळाच्या भिंतीवर काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र ऑटो रॉथफिल्ड या इंग्रज अधिकाऱ्याने पाहिलं आणि मुलगा मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयात पोचला. पुण्यातला 1928 चा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. पण मला त्यांच्या घरातली शिल्पं जास्त आवडतात. तिथे सिमेंटची म्हैस आहे. माझा मुलगा सात वर्षांचा असताना तिच्यापाशी गेला आणि आधी हात पुढे करून थांबला, ती मान वळवेल म्हणून. मी त्या दिवशी तिची पाठ न्याहाळत बसले. इतकी म्हैस बघितलेला माणूस, आणि इतकं सिमेंट हाताळलेला. दोन्ही एकाच पाठीत.

पेण, पुन्हा मीच

सगळं दोन-दोनदा वाचलं. वर्ध्याचे सर, तुमचं टोपलीचं लिहिणं बाबांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण नंतर बराच वेळ बाहेर बसले होते.

रविवारी बाबा आखणीला बसले होते. डोळ्यांची आखणी कारखान्यात फक्त तेच करतात. मी शेजारी बसलो तर रंगाची वाटी माझ्याकडे सरकवली. अकरा लहान मूर्ती केल्या, त्यातल्या चार त्यांनी पुसायला लावल्या. चुकलं काय, विचारलं. "रेघ बरोबर आहे. पण हा कुणाकडं बघत नाहीये."

ते व्यक्तिशिल्प आमच्या रंगकाम करणाऱ्या मावशींचं आहे, हे मी वर सांगितलंच नाही, कॉलेजातल्या सरांनाही सांगितलं नव्हतं. मान मोडून पुन्हा करतोय. आतून सळई घेतली आहे. आणि या वेळी मान सरळ न ठेवता उजवीकडे कलती ठेवली, कारण मूर्तीच्या पितांबराला रंग देताना मावशी तशाच बसतात. सोमवारी वर्गात नेतो.