रात्री गाड्यावर येणाऱ्या पोराचं काय करावं?

रसऑम्लेटवाला (म्हापसा)

म्हापशाच्या बाजारापाशी माझा रस ऑम्लेटचा, म्हणजे ऑम्लेटवर रस्सा घालून देतात त्याचा, गाडा आहे. पावसाळा सरल्यापासून एक पोरगा रात्री, गिऱ्हाईक विरळ झालं की येऊन उभा राहतो. नऊ-दहा वर्षांचा असेल. मागत नाही, नुसता उभा. मी पाव आणि उरलेला रस देतो. खांद्यावर गोणी, तिच्यात बिअरच्या बाटल्या आणि डबे. हातात कायम एक रुमाल, आणि जवळ आला की पंक्चरच्या दुकानातला वास येतो. नाव दर वेळी वेगळं. एकदा म्हणाला आई मेली, परवा म्हणाला आई कळंगुटला माळा विकते. शेजारचा गाडेवाला म्हणतो, "टोळी असते यांची, नादाला लागू नकोस."

माझ्या मनात आलं, प्लेटी धुवायला ठेवून घेतो. दोन वेळचं जेवण आणि रोजचे शंभर रुपये. भटकण्यापेक्षा बरं ना? की १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन करू? पण नेऊन डांबून ठेवतील का? पोरगा हुशार आहे हो. पाच गिऱ्हाइकांचा हिशोब माझ्या आधी तोंडी करून मोकळा होतो.

पेडणेकार

आई जिवंत असून मेली सांगणारा पोरगा! यातच काय ते समजा. एकाला खायला दिलंत की उद्या दहा येतील.

शाळेतल्या बाई

पेडणेकार, आलीच दहा तर दहाही उपाशीच असतील. असो.

मी निवृत्त शिक्षिका. बाजारातल्या मुलांना संध्याकाळी शिकवायचे, त्यामुळे या खोट्या नावांची मला सवय आहे. खरं नाव कळलं की पोलीस येतात किंवा मारकुटा बाप येतो, असा त्यांचा हिशेब. 'आई मेली' म्हटलं की पाव मिळतो हेही ठाऊक असतं. तुम्हाला तो कळंगुटचं बोलला, म्हणजे थोडा विश्वास बसलाय. रस्त्यावर दिसणारी सगळी मुलं अनाथ नसतात. पुष्कळांची आई जवळपासच असते, कुठे झोपडीत, कुठे बांधकामावर. काही मुलं दिवसभर कमवून रात्री परत जातात. काही मुलं हळूहळू जायची बंद होतात. तुमचा पोरगा यातला कुठला, हे आधी बघायला हवं. मी असते तर आईबापांचं विचारण्याआधी "रात्री झोपतोस कुठे, कुणाबरोबर?" एवढंच विचारलं असतं.

त्यांच्या पैशांचं लोकांना कळत नाही. माझ्या वर्गात एक मुलगा भंगारवाल्याकडून संध्याकाळी पैसे घ्यायचा आणि रात्रीपर्यंत सगळे उडवायचा. भजी, थंडा, मोबाइलवर गेम. मी रागावले तर म्हणाला, "बाई, ठेवू कुठे? झोपलो की मोठी पोरं खिसा कापतात." खरंच, कुठे ठेवणार? मग माझ्या टेबलाच्या खणात प्रत्येकाच्या नावाचं पाकीट ठेवलं. त्याने त्यातून चपला घेतल्या आणि पहिल्या रात्री त्या उशाशी न ठेवता पायातच घालून झोपला.

रुमालावर पंक्चरचं सोल्युशन असणार. ते हुंगलं की भूक मरते, थंडी कळत नाही, भीतीही जाते. ही मुलं रात्री धड झोपत नाहीत, उजेडात घोळक्याने पडतात आणि दुपारी कुठेतरी डुलक्या काढतात. नुसतं "फेक तो रुमाल" म्हणून भागत नाही. मेंदूवर आणि काळजावर परिणाम होतो, तेव्हा डॉक्टर लागतोच.

आणि टोळीपेक्षा मला धास्ती 'प्रेमळ काकां'ची. जेवायला नेणारा, कपडे घेणारा, खोलीवर बोलावणारा. गोव्याला हे नवं नाही. मडगावात अनाथाश्रम चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला १९९१ मध्ये अटक झाली आणि १९९६ मध्ये मुलांच्या लैंगिक शोषणासाठी जन्मठेप. शेजारीपाजारी त्याला परोपकारी समजत होते. २००३ च्या गोव्याच्या बालकायद्यात तर लिहूनच ठेवलंय की आपल्या कुटुंबाबरोबर किंवा नातेवाइकांबरोबर नोंद नसलेल्या मुलाला हॉटेलच्या खोलीत सोडायचं नाही. समुद्रकाठच्या खोलीवाल्यांपैकी किती जण पाळतात ते देव जाणे.

प्लेटींचा विचार मात्र सोडा. तुमचा हेतू चांगला आहे, पण चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं गुन्हा आहे, जेवण देऊन ठेवलं तरी. शिवाय एकदा तुम्ही मालक झालात की तो तुमच्याशी आजच्यासारखा बोलणार नाही.

वकील_डिचोली

बाईंच्या बोलण्यात कायद्याची भर घालतो. रस्त्यावर राहणारं किंवा भीक मागणारं मूल २०१५ च्या बाल न्याय कायद्यात 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं' धरलं जातं, गुन्हेगार नव्हे. १०९८ रात्रंदिवस चालू असतो, फुकट. मुलाला ताब्यात घेतलं तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे उभं करावं लागतं. समिती घरची चौकशी करते. घर सुरक्षित असेल तर मूल घरीच द्यायचं, संस्था हा शेवटचा उपाय. पैशांअभावी घरच्यांना मूल सांभाळता येत नाही एवढीच अडचण असेल तर मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या योजनेतून पात्र मुलाला महिना ४००० रुपये मिळू शकतात.

रसऑम्लेटवाला (म्हापसा)

बाईंनी सांगितलं तसं काल विचारलं. म्हणाला, बसस्टँडवर झोपतो, "एक मोठा दादा आहे." दादाचं नाव निघालं की बोलणं बंद. आईकडे महिनाभर गेलेला नाही, बाप मारतो म्हणून. फोन केला तर परत बापाकडेच देतील का? आणि शाळेचं काय? कागद एकही नाही.

शाळेतल्या बाई

बाप मारतो हे फोनवर सांगा आणि त्या दादाचंही सांगा. समितीपुढे मुलाचं म्हणणं ऐकून घेतात. पण आधी पोराला सांगून ठेवा की मी फोन करणार आहे. पाठीमागून गाडी आली तर तो पळेल आणि तुमच्या गाड्यावर पुन्हा फिरकणार नाही.

शाळेला कागदावाचून अडवता येत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे जन्मदाखला नाही म्हणून सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला प्रवेश नाकारायचा नाही, आणि वयाप्रमाणेच वर्ग द्यायचा. दहा वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवा म्हणणारे भेटतात, ऐकू नका. आई माळा विकते म्हणजे घरी बहुधा लमाणी (बंजारा) बोली, रस्त्यावर हिंदी, शाळेत मराठी, म्हणून सुरुवातीला तो गप्प बसेल. गणित मात्र तोंडी घ्या, तिथे तो वर्गाला हरवेल.

शुक्रवारी बाजाराच्या गर्दीत नको, शनिवारी येते मी. गाडा नेमका कुठल्या बाजूला?

रसऑम्लेटवाला (म्हापसा)

मासळी मार्केटच्या अंगाला, सातनंतर. तो साडेनवाच्या आधी येत नाही बाई, तुम्हाला थांबावं लागेल.