कथेसाठी वस्तू हाताशी ठेवून लिहिता का? सल्ला हवा

कोरी_वही

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

वर्षभर एक दीर्घकथा लिहितेय. नायक म्हातारा घड्याळजी. उजवा गुडघा गेलेला, काठी घेऊन चालतो. तीन खर्डे झाले. दोघांना वाचायला दिले, दोघांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच सांगितलं: म्हातारा बोलतो छान, पण तो घड्याळजी आहे हे तू सांगतेस म्हणून कळतं. खरं आहे. मी अशा माणसाशेजारी तासभरही बसलेले नाही.

कुणीतरी सुचवलं, पात्राच्या वस्तू समोर ठेवून लिही. झालं, जमवाजमव सुरू. एक जुनं चावीचं मनगटी घड्याळ, भिंतीवर घड्याळांचे फोटो, पिवळ्या उजेडाचा दिवा, शिवाय मोबाइलवर टिकटिकीचं रेकॉर्डिंग. टेबल इतकं देखणं झालंय की वही ठेवायला जागा उरली नाही. लिखाण जिथल्या तिथे.

तुम्ही असं काही करता का? कुठल्या वस्तूचा खरंच उपयोग झाला? की हे सगळं न लिहिण्याचे बहाणे?

अर्धविराम

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: हो. :)

गंमत सोडा. शिलर हा जर्मन नाटककार टेबलाच्या खणात सडकी सफरचंदं ठेवायचा. एकदा तो घरी नसताना त्याचा मित्र, कवी गटे त्याच्या टेबलाशी बसला आणि त्या वासाने त्याला गरगरायला लागलं. हे गटेने स्वतः पुढे सांगितलेलं आहे. शिलरच्या बायकोचं म्हणणं, त्या वासाशिवाय त्याला लिहिता येत नाही. तेव्हा तुमचं टेबल देखणं आहे हीच अडचण असेल.

दौत

को.व., आधी टेबल आवरा. रागावू नका.

वस्तू ठेवायची कारणं दोन असतात आणि आपण दोन्ही एकाच टेबलावर ओततो. पहिलं, बैठक जमावी म्हणून. तीच खुर्ची, तेच पेन, तोच दिवा. या लेखकाच्या वस्तू, कथेला त्यांचं सोयरसुतक नाही. मुलांसाठी लिहिणारा इंग्रजी लेखक रोआल्ड डाल बागेतल्या खोपटात जुन्या आरामखुर्चीत बसून पिवळ्या कागदांवर पेन्सिलीने लिहायचा. शेजारच्या टेबलावर शस्त्रक्रियेत काढलेलं स्वतःच्याच मांडीच्या हाडाचं टोक आणि चॉकलेटच्या चांदीचे कागद एकावर एक वळून केलेला जड गोळा. हाडाबद्दल गोष्ट लिहायची म्हणून ते तिथे नव्हतं. बसलं की हात कामाला लागावा, एवढ्यासाठी अशी मांडामांड पुरते. तुमचा पिवळा दिवा या खात्यातला. राहू द्या.

दुसरं कारण म्हणजे पात्राची वस्तू. इथे मला फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेरचा पोपट आठवतो. 1876 साली तो एका मोलकरणीची आणि तिच्या पोपटाची कथा लिहीत होता. त्याने रुआँ शहरातल्या संग्रहालयातून पेंढा भरलेला पोपट उसना आणला आणि टेबलावर ठेवला. तीन आठवड्यांनी पत्रात लिहितो की याला बघून बघून आता वैताग यायला लागलाय, पण डोक्यात पोपट भरायचाय म्हणून ठेवलाय. मला त्यातला वैताग महत्त्वाचा वाटतो. पहिल्या दिवशी पोपट ‘सुंदर’, ‘गूढ’ वगैरे असतो. तिसऱ्या आठवड्यात त्याची विशेषणं संपतात आणि नुसता पोपट उरतो. मग लिहिण्यासारखं काहीतरी दिसायला लागतं.

तुमच्या टेबलावरचं घड्याळ चालू आहे का? चावी देऊन बघा. चाललं तर कानाला लावा. मोबाइलवरची टिकटिक सेकंदाला एकदा होत असणार. ती बॅटरीच्या नाहीतर भिंतीवरच्या घड्याळाची. चावीच्या जुन्या मनगटी घड्याळात साधारण ताशी 18,000 ठोके पडतात, म्हणजे सेकंदाला पाच. टिक-टिक नाही, बारीक घाईची किरकिर. चाळीस वर्षं ती ऐकणारा माणूस तुमच्या रेकॉर्डिंगला हसेल.

मी करतो ते असं. एका वेळी एकच वस्तू. वीस मिनिटं ती नुसती बघायची नाही, वापरायची. त्या वेळात फक्त क्रियापदं टिपायची: फिरवलं, अडलं, निसटलं, पुसलं, पुन्हा धरलं. विशेषण आलं तर खोडायचं. मग वस्तू खणात, खण बंद, आणि प्रसंग लिहायला घ्यायचा. वस्तू समोर असली की मी तिचं वर्णन करत बसतो. खणात गेली की माणूस तिचं काय करतो ते लिहितो.

खोडरबर

धागा छान, पण मी विरुद्ध बाजूने. तुर्की लेखक ओरहान पामुकने कादंबरीसाठी वर्षानुवर्षं वस्तू जमवल्या. ‘म्युझियम ऑफ इनोसन्स’ 2008 मध्ये आली आणि 2012 मध्ये इस्तंबूलला त्याच नावाचं खरंखुरं संग्रहालय उघडलं. प्रकरणं 83 आणि मांडणीची कपाटंही तेवढ्याच हिशोबाने. एका भिंतीवर नायिकेने ओढलेल्या म्हणून 4,213 सिगारेटची थोटकं.

त्याची दोन्ही कामं झाली. आपल्यासारख्यांकडे संग्रहालय तयार होतं, कादंबरी राहते. मी स्वतः एका ऐतिहासिक कथेसाठी बोरू, दौत (आयडीची नव्हे) आणि हातकागद जमवला. आठ महिने अक्षर सुधारलं. कथा नाही.

दौत

@खोडरबर, आठ महिने बोरू चालवून कथेत काय आलं?

खोडरबर

कथाच नाही म्हटलं ना. पण खरं सांगू, बोरू दर ओळी-दीड ओळीला दौतीत बुडवावा लागतो, त्यामुळे रागाच्या भरात सलग लिहिताच येत नाही, हे कळलं. माझं पात्र रागाच्या भरात चार पानी पत्र लिहितं.

…बरं. माघार नाही, पण मुद्दा पोचला.

टाचणी

वस्तूच हवी असं कुठे आहे? कागदावर काढलेली वस्तूही चालते. मी नकाशावाली.

स्टीव्हन्सनने 1881 च्या उन्हाळ्यात सावत्र मुलाबरोबर वेळ घालवताना एका बेटाचा रंगीत नकाशा काढला. त्या नकाशातल्या झाडीतून माणसं डोकावायला लागली, असं त्यानेच लिहून ठेवलंय. त्यातून ‘ट्रेझर आयलंड’. पुढचा भाग जास्त मजेशीर आहे. नकाशा प्रकाशकाकडे पाठवला तो हरवला. मग स्वतःचीच कादंबरी उघडून, अंतरं आणि उल्लेख गोळा करून, पुस्तकाशी जुळणारा नकाशा नव्याने काढत बसावं लागलं. दुसरा नकाशा त्याला कधीच आपलासा वाटला नाही. म्हणून नकाशा आधी काढा. आणि प्रत ठेवा.

आयरिश लेखक जॉइसने ‘युलिसिस’ कादंबरीतलं एक प्रकरण डब्लिनचा नकाशा पुढ्यात घेऊन लिहिलं. दोन पात्रांचे रस्ते लाल शाईने आखलेले, कुणाला कुठून कुठे जायला किती मिनिटं लागतील याचा हिशोब. को.व., तुमच्या घड्याळजीच्या दुकानाचा आराखडा काढा: दार, काउंटर, खुर्ची, उजेड कुठून. मग घरात तेवढी जागा खडूने आखा आणि गुडघा न वाकवता खुर्चीपासून दारापर्यंत जाऊन बघा. दाराशी आलेला माणूस तेवढा वेळ उभा राहतो. त्या वेळात तो काय बघतो? तुमचा परिच्छेद तिथे आहे.

कोरी_वही

बाप रे, इतक्या प्रतिसादांची अपेक्षा नव्हती. सगळ्यांचे आभार.

दौतकाका, घड्याळाला चावी दिली. चाललं! आणि हो, किरकिर आहे. रेकॉर्डिंग पुसलं.

टाचणीताई, खडू आज रात्री. घरच्यांना काय सांगू ते सुचवा.

उपप्रश्न: काठी. म्हातारा ती उजव्या हातात घेतो आणि ‘ठक ठक’ करत येतो, असं लिहिलंय. काठी आणून सराव करू का?

सावकाश

मी काठी वापरते, चार वर्षं झाली. म्हणून लिहिते.

उजवा गुडघा दुखतो ना? मग काठी डाव्या हातात. दुखऱ्या पायाबरोबर काठी पुढे पडते आणि भार वाटून घेते. सिनेमातले निम्मे लोक ती दुखऱ्या बाजूलाच धरतात, आम्हाला बघवत नाही. जिना चढताना आधी धड पाय. उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय. आणि ‘ठक ठक’ विसरा, खाली रबरी टोपण असतं. टोपण झिजून काठी वाजायला लागली तर घसरायची भीती. तुमच्या म्हाताऱ्याची काठी वाजत असेल, तर त्याने टोपण बदललेलं नाही. का बदललं नाही ते तुम्ही ठरवा.

सराव करा, पण त्यातून काय मिळेल हे ओळखून करा. अर्ध्या तासात कळेल की एक हात कायमचा गेला. पिशवी, छत्री, दाराची कडी, फोन, सगळं उरलेल्या हाताने. बसल्यावर काठी टेकवायला जागा सापडत नाही, टेकवली की ती घसरून पडते आणि सगळे वळून बघतात. एवढं उसनं घेता येतं. दुखणं नाही घेता येत. ते अर्ध्या तासाच्या अनुभवावर लिहू नका, कुणाला तरी विचारा. विचारलं तर आम्ही सांगतो, इतकं सांगतो की तुम्ही कंटाळाल.

निळी_शाई

सावकाश, +१. वडिलांच्या कानाच्या मशीनबद्दल भर घालते. मी कथेत लिहिलं होतं की मशीन लावलं आणि आजोबांना सगळं स्वच्छ ऐकू आलं. वडील वाचून हसले. म्हणाले, गर्दीत भांड्यांचा आवाजही मोठा होतो की! आणि मिठी मारली की मशीन शिट्टी मारतं. मशीनवर काही दाबलं गेलं की त्यातून बाहेर पडणारा आवाज त्याच्याच माइकमध्ये परत शिरतो, म्हणून. नातीने मिठी मारताना आजोबा मान जरा तिरकी करतात, हे मला नुसतं बसून कधीच सुचलं नसतं.

अर्धविराम

गोष्ट सुचावी म्हणून टाकायचे चित्रांचे फासे, पत्ते वगैरेंबद्दल कुणीच कसं बोललं नाही? इटालियन लेखक इतालो काल्विनोने टॅरोचे (भविष्य बघायचे) पत्ते मांडून, ते चित्रांसारखे वाचत अख्खं पुस्तक लिहिलंय. तिथलाच बालसाहित्यिक जान्नी रोदारीची युक्ती त्याहून सोपी: एकमेकांशी संबंध नसलेले दोन शब्द घ्यायचे आणि जोडायचे. कुत्रा आणि कपाट. कपाटातला कुत्रा, कुत्र्याचं कपाट, पाठीवर कपाट घेऊन चाललेला कुत्रा. चिठ्ठ्या करून डब्यात टाका, दोन उचला.

दौत

कोऱ्या पानासाठी उत्तम. को.व. तिसऱ्या खर्ड्यात अडकल्यात. तिथे फासे टाकले तर कथेत कुत्रा येईल, घड्याळजी तसाच राहील.

को.व., खर्च न करता मिळणारं एक साधन राहिलं: आरसा. डिकन्स लिहिता लिहिता उठून आरशाकडे धावायचा, चेहरे वेडेवाकडे करायचा, परत येऊन भराभर लिहायचा, पुन्हा आरसा. त्याच्या मुलीने हे पाहून लिहून ठेवलंय. आणि एकच वस्तू नवी आणायची असेल तर घड्याळजीचं भिंग आणा, डोळ्याच्या खोबणीत धरतात ते. दहापट मोठं दाखवणारं असेल तर घड्याळ भिंगापासून जेमतेम अडीच सेंटिमीटरवर धरावं लागतं. नाक जवळजवळ टेकतं. तसं बसून कुणाशी तरी पाच मिनिटं बोला.

कोरी_वही

बारा दिवसांनी येतेय, क्षमस्व.

टेबलावर आता दिवा आणि वही. घड्याळ खणात, पण बंद खणातूनही ऐकू येतं (कल्पनाही असेल). काठी डाव्या हातात गेली आणि त्याबरोबर दोन पानं गेली, कारण दोन्ही हातांनी तो जे काही उचलत होता ते आता उचलू शकत नाही. खडूचे दुकान घरच्यांनी दुसऱ्या दिवशी पुसलं, तोवर काम झालं होतं.

भिंग. पहिल्या दिवशी दर मिनिटाला पडत होतं. ते भुवई आणि गालाच्या मध्ये धरलेलं असतं, त्यामुळे भुवई उंचावली की पडतं, हसलं की पडतं. बहिणीला समोर बसवून बोलत होते, ती मुद्दाम हसवत होती. तिचा चेहरा मला दिसतच नव्हता, नुसता आवाज. चौथ्या दिवशी जमलं. हसू आलं तरी गाल हलवायचा नाही.

अर्धविराम

म्हणजे आता धक्कादायक बातमी कळल्यावर त्याच्या डोळ्यातून भिंग गळून पडणार. :)

कोरी_वही

तोच मोह झाला होता, लिहून खोडला. चाळीस वर्षांत त्याचं भिंग पडत नसणार. लोक काउंटरपलीकडून विनोद सांगतात, तो खाली बघत ‘हं’ म्हणतो.

सावकाश

मग गिऱ्हाइकांना काय वाटतं?

कोरी_वही

म्हातारा खडूस आहे. चौथ्या खर्ड्याची सुरुवात तिथूनच केलीय.