मदत हवी आहे : रुग्णालयाच्या इमारतीची सुरक्षा – कॅमेरे आधी की दारं आधी?

नमस्कार मंडळी,

एका मध्यम आकाराच्या रुग्णालयाच्या इमारतीची देखभाल माझ्याकडे आहे. मध्यंतरी एका रुग्णाच्या नातेवाइकांनी कॅज्युअल्टीत तोडफोड केली, त्यात एका परिचारिकेच्या हाताला काच लागली. मग समिती नेमली गेली आणि पहिल्याच बैठकीत ठरलं की कॅमेरे दुप्पट करायचे. आराखडा मी करायचाय, पण मला हा निर्णय पटत नाहीये.

त्या दिवशीचं चित्रण मी पाहिलं. सगळं स्वच्छ दिसतंय. मुख्य दारावर रक्षकांनी अडवल्यावर पाचसहा जण इमारतीला वळसा घालून मागच्या जिन्याच्या दाराने आत शिरले. हे दार आगीच्या वेळी बाहेर पडण्यासाठी ठेवलेलं आहे. जाता-येता सोपं पडावं म्हणून कर्मचारी त्याला अग्निशामक सिलिंडर टेकवून ठेवतात. दार आपोआप लावणारा क्लोजर सैल झालाय, आणि कुलपाची जीभ चौकटीतल्या ज्या पट्टीत बसते ती पट्टी वाकलीय. सिलिंडर काढला तरी दार चार बोटं उघडंच राहतं. त्याच्या अगदी समोर कॅमेरा आहे!

आणखी दोन गोष्टी डोक्यात घोळतायत. रस्त्यावरून फाटकातून येणारी गाडी सरळ रेषेत काचेच्या दर्शनी भागापर्यंत येते, मध्ये काहीच नाही. आणि ऑक्सिजनची टाकी वाहनतळाला लागून आहे, मध्ये नुसती तारेची जाळी.

सुरुवात कुठून करावी? कॅज्युअल्टी चोवीस तास उघडी ठेवावीच लागते, तिथे किल्ला करून चालणार नाही. समितीला काय दाखवलं म्हणजे पटेल?

प्रतिसाद १

तुमची शंका रास्त आहे. आमच्या कामात पहिला हिशोब वेळेचा असतो. घुसखोर आल्याचं कळल्यापासून मदत पोहोचेपर्यंत किती वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात त्याला किती अडथळे पार करावे लागतात? मदतीला तीन मिनिटं लागणार असतील आणि दार चाळीस सेकंदांत तुटत असेल, तर कॅमेरा कितीही चांगला असो, हाती फक्त पुरावा लागणार.

दुसरं असं, की घुसखोरी कळायला हवी ती अडथळ्याच्या आधी. दार तुटल्यावर घंटा वाजली तर त्या दाराने मिळवून दिलेला वेळ फुकट गेला. औषधांचं भांडार, नवजात शिशू विभाग, विजेची खोली, जनरेटर आणि ती टाकी, एवढी ठिकाणं धरा. रात्रपाळीत रक्षकाला प्रत्येक ठिकाणी चालत जायला लावा आणि घड्याळ लावून वेळ मोजा. तो तक्ता समितीपुढे ठेवा. माझ्या अनुभवात असा एक कागद लांबलचक अहवालापेक्षा जास्त काम करतो.

प्रतिसाद २

मागच्या दाराबद्दल कळकळीने सांगतो, चिडून त्याला साखळी-कुलूप घालू नका. आगीच्या वेळी त्या दाराशी माणसं चेंगरतील. आतून ढकलताच उघडणारा आडवा दांडा बसवा, बाहेरच्या बाजूला मूठच ठेवू नका, आणि दार ठराविक वेळेपेक्षा जास्त उघडं राहिलं तर तिथेच मोठ्याने वाजेल असा भोंगा लावा. क्लोजर आणि वाकलेली पट्टी मात्र आधी बदला. चुंबकी कुलूप लावणार असाल तर आगीचा इशारा होताच किंवा वीज जाताच ते सुटलं पाहिजे. ढकलल्यावर काही सेकंद थांबून उघडणारी कुलपंही मिळतात (अमेरिकी संहितेत ही सवलत साधारण १५ सेकंदांची आहे), पण अग्निशमन अधिकाऱ्यांना विचारल्याशिवाय ती बसवू नका.

सिलिंडर का टेकवतात तेही विचारा. बहुतेक वेळा बाहेरून परत यायला दुसरी वाट लांबची असते. कर्मचाऱ्यांना कार्डाने उघडणारं जवळचं दार दिलंत तर ही सवय आपोआप मोडेल.

प्रतिसाद ३

गाड्यांविषयी. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. म्हणून गाड्या अडवणारे खांब रोवण्याआधी वाट वाकडी करा. फाटकानंतर एक-दोन ठळक वळणं दिली तर गाडीला वेगच घेता येत नाही, मग अडथळाही कमी ताकदीचा चालतो. रुग्णवाहिकेला लागणारी वळणाची जागा मात्र आधी मोजून घ्या. खांब घ्यायचेच असतील तर धडक-चाचणीचं प्रमाणपत्र मागा. एम५० श्रेणी म्हणजे सुमारे ६,८०० किलोचा ट्रक ताशी ८० किमी वेगाने अडवल्याची चाचणी, एम३० म्हणजे तोच ट्रक ४८ किमीला. नुसता लोखंडी पाइप सिमेंटमध्ये पुरला की दिसायला खांबच दिसतो, अडवत काही नाही.

अंतराचं महत्त्व १९९५ च्या ओक्लाहोमा सिटीच्या स्फोटाने जगाला दाखवलं. स्फोटकांचा ट्रक इमारतीला अगदी खेटून उभा होता, १६८ माणसं गेली, आणि आजूबाजूच्या इमारतींतही फुटलेल्या काचांनी असंख्य लोक जखमी झाले. स्फोटाचा दाब अंतरासोबत झपाट्याने उतरतो. तेव्हा दर्शनी भागाजवळ गाड्या उभ्या करणं बंद करा आणि काचेला तुकडे धरून ठेवणारी फिल्म चौकटीत अडकवून लावा. टाकीभोवती पक्कं कुंपण हवं, पण हवा खेळती राहिली पाहिजे. म्हणून चारही बाजूंनी भिंत बांधू नका, पुरवठादाराने सांगितलेलं अंतर पाळा. इमारतीसाठी हवा आत खेचणाऱ्या जाळ्या जमिनीलगत असतील तर त्याही बघून ठेवा, कोणीही तिथे काहीही टाकू शकतो.

धागाकर्ता

मनापासून आभार सगळ्यांचे. दाराचं काम आजच सांगतो. कॅज्युअल्टीचं मात्र अजून कोडंच आहे.

प्रतिसाद १

तिथे बाहेरचं दार उघडं ठेवायचं आणि उंबरा आत सरकवायचा. प्रतीक्षागृह सगळ्यांना खुलं, उपचारकक्षात रुग्णासोबत एकच नातेवाईक, आणि त्यापुढे कार्डाशिवाय कोणी नाही. तपासणीच्या खोलीत टेबल असं ठेवा की डॉक्टर आणि दार यांच्या मध्ये कोणी उभं राहू शकणार नाही. हाताशी मदतीचं बटण द्या, आणि ते दाबल्यावर कोण धावणार हे प्रत्येक पाळीत नावानिशी ठरलेलं असू द्या. आणि दर थोड्या वेळाने बाहेर येऊन रुग्णाची स्थिती सांगणारा एक माणूस नेमा. तासन्‌तास काहीच न कळणं हे संतापाचं मोठं कारण असतं. परिचारिकांना समितीत घ्या, कुठल्या कोपऱ्यात भीती वाटते ते त्यांना आधीपासून माहीत असतं.