मेळघाटातल्या कोरकू मुलाला पहिलं वाचन कोणत्या भाषेत शिकवायचं?

पाटीपेन्सिल

धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतल्या पहिलीच्या वर्गाबद्दल हा धागा काढतोय. बहुसांस्कृतिक शिक्षण म्हटलं की आपल्याकडे चर्चा स्नेहसंमेलनातल्या आदिवासी नाचावर आणि ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या कार्यक्रमावर जाऊन थांबते. माझ्या मते खरी परीक्षा शाळा सुरू होते त्या पहिल्या आठवड्यात होते. बाई विचारतात, "पाणी कोणाला हवंय?" आणि सहा वर्षांचं मूल तहान लागलेली असूनही गप्प राहतं, कारण त्याच्या घरी पाण्याला 'डा' म्हणतात. वर्षअखेरीला त्याच्या नावापुढे 'अप्रगत' लागतं.

कोरकू ही मराठीची बोली नव्हे, हे आधी मान्य करू. ती मुंडा कुळातली भाषा आहे, म्हणजे संथाळी आणि मुंडारीची नातलग. 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कोरकू' म्हणजे माणसं. एकवचन आणि अनेकवचन यांच्यामध्ये दोघांसाठी वेगळं द्विवचन आहे. मराठीची तीन लिंगं तिथे नाहीत, भेद सजीव आणि निर्जीव असा होतो. त्यामुळे कोरकू मूल 'ती टेबल', 'तो खिडकी' म्हणतं तेव्हा ते चुकत नसतं. त्याच्या भाषेला न लागणारी एक वर्गवारी ते पहिल्यांदाच पाठ करत असतं. त्याला लाल शाई लावून काय मिळतं?

माझा प्रस्ताव: पहिलीचं पूर्ण वर्ष आणि दुसरीचं पहिलं सत्र वाचन-लेखन कोरकूत, लिपी देवनागरी. याच काळात रोज अर्धा तास मराठी फक्त ऐकायची आणि बोलायची: उठा-बसा, आणा-द्या, चित्र दाखवा, गाणी. दुसरीच्या दुसऱ्या सत्रात मराठी वाचन सुरू. तिसरीत दोन्ही भाषा निम्म्या-निम्म्या.

अक्षरांचा क्रम 'क कमळाचा' असा नको. डा (पाणी), उरा (घर), कोरो (माणूस), सिटा (कुत्रा) हे चार शब्द घ्या. ड, उ, र, क, स, ट ही सहा अक्षरं आणि आ, ओ, इ या तीन मात्रा मुलाला ओळखीच्या अर्थासकट मिळतात. पुढे त्यातल्याच अक्षरांतून मराठीतले सरडा, सडक, टोक, किडा, रस वाचता येतात. म्हणजे कोरकूत घालवलेला एकही तास मराठीतून वजा होत नाही.

भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून द्यायची सोय करा, असं म्हणणारा राज्यघटनेचा अनुच्छेद ३५० अ हा १९५६ पासून आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ शक्य तिथे मातृभाषा म्हणतं, २०२० चं राष्ट्रीय धोरणही निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेची शिफारस करतं. कागदाची कमतरता नाही. ओडिशाने २००६-०७ मध्ये दहा आदिवासी भाषांतून शिकवायला सुरुवात केली आणि पुढे ही संख्या एकवीसपर्यंत नेली. आपण कुठे अडलोय?

खडूफळा

अडलोय ते शाळेच्या दारात. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हा कायद्याचाच निकष आहे. मेळघाटातली सामान्य शाळा म्हणजे दोन शिक्षक, चार इयत्ता. एका शिक्षकाकडे पहिली-दुसरी एकत्र. त्यात एकाच बाकावर कोरकू, शेजारी गवळी, बलई, गोंड. तुमच्या वेळापत्रकानुसार पहिलीला कोरकू वाचन, दुसरीला मराठीची सुरुवात, आणि वर्गातल्या बिगरकोरकू मुलांनी या दोन तासिका काय करायचं? त्यांच्यावर कोरकू लादायची की त्यांना व्हरांड्यात बसवायचं?

दुसरं, त्या भागात बाजाराची भाषा मराठी नाहीच. धारणीचा बाजार हिंदीत चालतो, पलीकडे मध्य प्रदेश आहे. मुलाच्या कानावर कोरकूनंतर हिंदी पडते. मराठी त्याला फक्त शाळेत भेटते. जी भाषा फक्त शाळेत मिळते तिचे तास तुम्ही अर्ध्यावर आणताय, याची मला खरी काळजी वाटते.

मी उलट क्रम सुचवतो. पहिले तीन महिने वही-पाटी बंद. दिवसभर बोली मराठी, पण शिक्षकाला दीडशे-दोनशे कोरकू शब्द यायलाच हवेत: धीर द्यायला, पोट दुखतंय का विचारायला, भांडण सोडवायला. दिवाळीपासून वाचन, थेट मराठीत. मूल कोरकूत उत्तर देत असेल तर चालेल, शिक्षकाने ते स्वीकारून मराठीत पुन्हा म्हणावं. हे उद्यापासून करता येतं. वेगळं पुस्तक लागत नाही, वेगळं पद लागत नाही.

रानजाई

धाग्यात 'आदिवासी मुलं' असा एकच गठ्ठा व्हायच्या आधी बोलते. पालघरची वारली आणि रायगडची कातकरी बोली मराठीला जवळच्या आहेत. तिथे खडूफळांची पद्धत बऱ्यापैकी चालेल, कारण मुलाला निम्मं वाक्य आधीच समजतं. शिक्षकाने त्याच्या बोलीला 'अशुद्ध' म्हणणं थांबवलं तरी मोठं काम होतं.

गोंडीची गोष्ट तिसरीच. ती द्रविड कुळातली, पाण्याला 'येर' म्हणणारी. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतः गोंडी शाळा सुरू केली. पण गोंडीत पुढचा प्रश्न येतो, कोणती गोंडी? भामरागडची माडिया, यवतमाळची की तेलंगणाकडची? आणि लिपी देवनागरी, तेलुगू, की गोंडीच्या स्वतःच्या मसराम आणि गुंजाला यांपैकी एक? कोरकूत हा वाद तेवढा तीव्र नाही. म्हणून मेळघाटापुरता पाटीपेन्सिलांचा प्रस्ताव मला करण्यासारखा वाटतो. तोच आराखडा गडचिरोलीला जसाच्या तसा नेला तर पहिलं वर्ष शब्द ठरवण्यातच जाईल.

घाटमाथा

मी पूर्ण विरोधात आहे. कारण शिकवायला माणूस कोण, हे कोणी सांगत नाही. कोरकू वाचन शिकवायला कोरकू बोलणारा शिक्षक हवा. अनुसूचित क्षेत्रातल्या शिक्षकांच्या सगळ्या जागा स्थानिक आदिवासींना देण्याचा आंध्र प्रदेशचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये रद्द ठरवला. त्यामुळे 'सगळे शिक्षक समाजातलेच घेऊ' हा रस्ता सरळ नाही. बाहेरून आलेला शिक्षक दोन वर्षांत चार वाक्यं शिकतो आणि त्याची बदली होते.

पालकांचंही ऐका. आदिवासी विकास विभागाच्या नामांकित निवासी इंग्रजी शाळांच्या योजनेसाठी आई-बाप अर्ज करतात, त्यात नासमजपणा काही नाही. घरी कोरकू आहेच, शाळेने बाहेरची भाषा द्यावी असं ते म्हणतात. त्यांच्या मुलाला आपण कोरकूत बसवायचं आणि आपली मुलं इंग्रजीत, हे मला न्याय्य वाटत नाही. बोली जपण्याचं ओझं सहा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर देऊ नका.

पाटीपेन्सिल

घाटमाथा, न्यायाचा मुद्दा मनाला लागला, म्हणून त्यालाच आधी उत्तर देतो. बोली जपायला म्हणून मी कोरकू मागतच नाहीये. मराठी आणि पुढे इंग्रजी नीट यावी म्हणून मागतोय. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखवलेला फरक इथे कामाला येतो: रोजच्या बोलण्यापुरती नवी भाषा साधारण दोन वर्षांत येते, अभ्यासाची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. आश्रमशाळेतलं मूल तिसरीत फडाफडा मराठी बोलतं, म्हणून शिक्षकाला वाटतं भाषा झाली. मग चौथीच्या परिसर अभ्यासात 'बाष्पीभवन', 'उतरंड', 'त्यामुळे', 'अन्यथा' आलं की तेच मूल नुसतं उतरवून काढतं. अक्षर सुंदर, अर्थ शून्य.

माणसाचा प्रश्न खरा आहे. त्यासाठी पूर्ण पद लागत नाही. अंगणवाडीची सेविका बहुतेक गावातलीच असते. बारावी झालेली एखादी मुलगी गावात सापडते. तिला रोज दोन तास, ठरलेल्या मानधनावर, वर्गात शिक्षकाच्या जोडीला बसवा.

मात्र एक चूक टाळायलाच हवी. शिक्षक मराठीत एक वाक्य बोलतो आणि सहायक लगेच त्याचं कोरकू करते, असं ओळीमागे ओळ भाषांतर सुरू झालं की आठवड्याभरात मुलं मराठी ऐकणं सोडतात. कोरकू येणारच आहे हे त्यांना कळतं. दोन भाषांचे तास वेगळे ठेवा. मराठीच्या अर्ध्या तासात अर्थ पोहोचवायला हातवारे, वस्तू आणि चित्रं वापरा. गोष्टीची मोठी पुस्तकं आठ पानांची, पानावर एक वाक्य, वाक्यात चार-पाच शब्द, अशी वर्षाला पंधरा-वीस पुरतात. गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून गोष्टी घ्यायच्या, मुलांनी चित्रं काढायची, शिक्षकाने मोठ्या अक्षरात लिहायचं. गोष्ट मराठीतून कोरकूत भाषांतरित केलेली नको. तसं पुस्तक मुलं एकदा बघतात आणि ठेवून देतात.

बाराखडी

सगळे भाषेवर बोलताय, गणित राहिलं. मिया, बारी असं मोजत दहाला कोरकूत 'गेल' म्हणतात. मराठी कानाला ते 'गेलं' ऐकू येतं आणि शिक्षक म्हणतो "कुठे गेलं?" वर्ग हसतो, मोजणारं मूल थांबतं, पुन्हा मोजायला उठत नाही.

त्यात मराठी संख्यावाचन मुळात अवघड. सत्तेचाळीस ऐकताना सात आधी, चाळीस मागून. मराठी घरातलं मूलही ४७ चे ७४ करतं, मग ज्याने हा शब्द घरात कधी ऐकलाच नाही त्याचं काय? २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. भाषेचं नुकसान म्हणून ओरड झाली. मेळघाटातल्या मुलासाठी ती सोय होती, हे फार थोड्यांनी मांडलं. कोरकूत विसाच्या पटीत मोजायची जुनी रीत आहे, आपल्याकडच्या आज्याही 'दोन विसा' म्हणायच्याच. काड्यांचे दहाचे गठ्ठे करा, मोजणी कोरकूत होऊ द्या, अंक लिहिणं सगळ्यांचं एकच आहे. संख्यानामं मराठीत दुसरीच्या शेवटी आली तरी बेरीज-वजाबाकी अडत नाही.

कुरणवाट

भाषेइतकंच वेळापत्रक महत्त्वाचं आहे आणि त्याला पैसा लागत नाही. मेळघाटात आणि सातपुड्यात वर्षाचा मोठा सण होळी. नंदुरबारच्या धडगावकडे त्याआधी भोंगऱ्या बाजार, मेळघाटात होळीनंतर फगवा, म्हणजे होळीची वर्गणी मागत फिरणं. शाळेची मोठी सुट्टी मात्र दिवाळीला. मार्चमध्ये आश्रमशाळेतली मुलं होळीला घरी जातात आणि लवकर परतत नाहीत. ऐन परीक्षेआधी उपस्थिती पडते आणि शेरा येतो, 'पालक उदासीन'. दिवाळीच्या सुट्टीतले सहा-सात दिवस काढून होळीला जोडा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली, शाळा मुलांच्या जागी आणि मुलांच्या वेळेला नेली. त्यांच्या कामातून आपण अंगणवाडी उचलली, वेळापत्रक नाही उचललं.

आणि एक. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आला, जूनअखेर मागे घेतला गेला. त्या सबंध वादात मूल मराठी बोलणारंच धरलं होतं. कोरकू मुलाच्या वाट्याला कोरकू, मराठी, २००० पासूनची इंग्रजी आणि वर हिंदी अशा चार भाषा आल्या असत्या, हे वादात जवळपास कुठेच दिसलं नाही.

खडूफळा

गणिताचं आणि होळीचं पूर्ण पटलं. भाषांतराच्या सापळ्याचंही. सहायक मिळत असेल तर मिश्र वर्गाचा माझा आक्षेपही थोडा सैल करतो: कोरकू वाचनाच्या वेळी बाकीच्या मुलांना शिक्षक स्वतः घेऊ शकतो.

पण एका गोष्टीवर मी ठाम आहे. चाचणी बदलल्याशिवाय हे सुरू करू नका. निपुण भारत या केंद्राच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात तिसरीच्या शेवटी मिनिटाला साठ शब्द वाचणं अपेक्षित आहे. पहिली-दुसरीची तपासणीही मराठी उताऱ्यावर होते. कोरकूत उत्तम वाचणारं मूल पहिलीच्या त्या उताऱ्यावर अडखळणारच, केंद्रप्रमुखाच्या तक्त्यात शाळा लाल रंगात जाईल आणि दिवाळीनंतर शिक्षक गुपचूप मराठी बाराखडी घोकवायला लागेल. मग मुलाची कोरकूही अर्धी आणि मराठीही अर्धी राहील, ही सगळ्यांत वाईट अवस्था. पहिली-दुसरीचा उतारा कोरकूत हवा, तोंडी प्रश्न कोरकूत हवेत, आणि मराठीची फक्त बोलण्याची तपासणी हवी: सूचना कळते का, चित्राबद्दल तीन वाक्यं सांगता येतात का.

घाटमाथा

एवढं सगळं दोन तालुक्यांसाठी कोण छापणार, कोण तपासणार? आणि तिसरीत मूल आश्रमशाळेत गेलं, तिथे कोरकू जाणणारं कोणीच नसलं, तर निम्मी-निम्मी तिसरी कुठे उरते? विरोध मागे घेत नाही.

पाटीपेन्सिल

तिसरीत शाळा बदलणाऱ्या मुलाचं उत्तर माझ्याकडे अपुरं आहे, ते मान्य. म्हणून सुरुवात करताना एखादी आश्रमशाळा आणि जिथली मुलं तिथे जातात त्या आसपासच्या जिल्हा परिषद शाळा, असा एकत्र गट घ्यावा लागेल. सुट्या शाळा निवडल्या तर तुम्ही म्हणता तेच होईल. छपाईचं म्हणाल तर आठ पानांचं पुस्तक पहिल्या वर्षी गावातच हाताने लिहून, झेरॉक्स काढून चालतं. उलट पहिल्या वर्षी छापूच नये. मुलं कुठे अडतात, कोणता शब्द एका गावात एक आणि पलीकडच्या गावात दुसरा, हे कळायला एक पावसाळा आणि एक उन्हाळा जावा लागतो. उताऱ्याच्या मुद्द्यावर खडूफळा, तुमची अट मी प्रस्तावातच घालतो.