मदत हवी आहे: चिऱ्याच्या जुन्या घरात ८५० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी, स्टँड कशाचा करू?

नमस्कार मंडळी,

मी मालवणजवळ राहतो. मोसमात पर्यटकांना स्नॉर्केलिंगला नेतो, पावसाळ्यात समुद्र बंद झाला की प्लंबिंगची कामं करतो. घर आजोबांनी बांधलेलं, जांभ्या चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं. माजघरात ६ फूट लांब, अडीच फूट रुंद आणि २ फूट उंच अशी काचेची टाकी बसवून त्यात रीफ, म्हणजे समुद्रातल्या प्रवाळाच्या खडकासारखी रचना, उभी करायची आहे. काच १५ मिमीची ठरली आहे. अडलंय ते टाकीखाली काय ठेवायचं यावर.

आधी हे का करतोय ते सांगतो, म्हणजे "एवढी मोठी कशाला, ३ फुटी ठेव" असा सल्ला कोणी देणार नाही. ३ फुटी टाकी माझ्याकडे होती. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा आमच्याकडे पाच दिवस लाईट नव्हती. पंप बंद, पाण्यात हवा जायची सोय नाही. आई आणि मी आळीपाळीने जागलो. तांब्याने टाकीतलं पाणी उचलायचं आणि हातभर उंचीवरून परत त्यातच सोडायचं, तासन् तास. आईने आयुष्यभर मासा ओळखला तो कल्ले उघडून, लाल आहेत की काळपट पडलेत ते बघून. त्या रात्री विजेरीच्या उजेडात तिने पहिल्यांदा मासा झोपलेला पाहिला. दगडाच्या फटीत आडवा टेकून, कल्ले सावकाश हलताहेत. बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "समुद्रात खाली काय असता ता माका एकदा बघूचा आसा." समुद्रापासून हाकेच्या अंतरावर तिची हयात गेली. मी रोज परक्या माणसांना पाण्याखाली नेतो आणि तिने ते कधी पाहिलेलं नाही. आता या वयात तिला मास्क लावून पाण्यात नेणं शक्य नाही. खुर्चीत बसली की तिचे डोळे बरोबर टाकीच्या मध्यावर यावेत, या मापाने सगळं चाललं आहे. म्हणून टाकीचा तळ जमिनीपासून साधारण ३४ इंचांवर हवा.

आता वजन. टाकी काठोकाठ भरली तर ८५० लिटर, पण वरचा काठ सोडून ८०० धरा. खारं पाणी लिटरला १.०२५ किलो, म्हणजे ८२० किलो. काच १७० किलो. दगड आणि वाळू, त्यांनी सारलेलं पाणी वजा करून, ८० ते १०० किलो. नुसती टाकीच ११०० किलोच्या जवळ जाते, तीही १५ चौरस फुटांत. राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला २०० किलोच्या हिशोबाने करतात, इथे जवळजवळ ८०० होतात. त्यामुळे माडीचा विचार केव्हाच सोडला. माजघराची जमीन म्हणजे जोत्यात लाल मातीचा भराव, त्यावर ४ इंच कोबा आणि लाद्या. भराव आजोबांच्या वेळचा, कितपत चोपला होता कोणास ठाऊक. भराव सरसकट दबला तर एक वेळ चालेल, पण एका कोपऱ्यात दोन-तीन मिमी जरी खचला तरी काचेच्या सांध्यावर ताण येतो, आणि मग ८०० लिटर खारं पाणी माजघरात.

लोखंडी स्टँड नको, हे मात्र पक्कं आहे. जुन्या टाकीला २ इंची चौकोनी पाइपचा स्टँड वेल्डिंग करून घेतला होता, वर रेड ऑक्साइड आणि दोन हात ऑइलपेंट. दुसरा पावसाळा सरला तेव्हा मागच्या पायाच्या सांध्यावर रंगाचा फुगा दिसला, वाटाण्याएवढा. नखाने उकरला तर आतून चहाच्या भुकटीसारखा गंज गळायला लागला आणि स्क्रू ड्रायव्हर टेकवला तो सरळ पाइपात गेला. करणाऱ्याने पाइपची तोंडं बंद केली नव्हती, खारी हवा आतून खात होती. त्यावर २०० किलो होते म्हणून निभावलं. इथे ११०० आहेत. जस्ताचा मुलामा दिलेलं किंवा ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील वापरा असं सांगणारे भेटले, पण पहिल्याचा मुलामा वेल्डिंगपाशी जळतो आणि दुसरं माझ्या खिशाला झेपत नाही. लाकडात आईन किंवा साग बघितला होता. आईन वजन सहज पेलेल, पण आमच्याकडे आषाढात दारं चौकटीत बसत नाहीत इतकी फुगतात. ६ फुटी काचेला सरळ, न हलणारा पाट लागतो.

म्हणून चिरा. दोन टोकांना आणि मध्ये एक, अशा ९ इंची तीन आडव्या भिंती, वर ४ इंची स्लॅब. गवंडी म्हणतो, "हत्ती उभा करा वर." पण माझ्या पुढच्या शंका अशा:

पहिली: तीन भिंती आणि स्लॅब धरून एकूण वजन सव्वादोन टनांच्या घरात जातं, आणि ते तीन अरुंद पट्ट्यांवर येतं. हे भरावावर नको असं मला वाटतं. विहीर खणताना आमच्याकडे साडेचार फुटांवर कातळ लागला होता. लाद्या फोडून कातळापर्यंत खाली जायचं आणि तिथून या भिंती स्वतंत्र उचलायच्या, म्हणजे कोब्याशी संबंधच नको. पण शेजारीच माजघराची मूळ भिंत आहे, तिच्या पायाला धक्का बसेल का?

दुसरी: फिल्टरचा सम्प (टाकीखाली ठेवायची दुसरी टाकी, पाणी तिथे गाळून पंपाने परत वर जातं) ४ फुटी आहे आणि मधल्या भिंतीमुळे जागा उरते २२-२२ इंचांची. मधली भिंत काढली तर स्लॅबला साडेचार फुटांचा गाळा पडतो. काय करावं?

तिसरी आणि सगळ्यात मोठी म्हणजे लोणा. चिरा पाणी पितो. रीफची टाकी म्हटली की थेंब, शिंतोडे, नळीच्या तोंडाशी मिठाचा पापुद्रा हे रोजचंच. ते मीठ चिऱ्यात मुरून सुकलं की आतून फुगतं आणि दगड भुसभुशीत होतो. खाडीकडेच्या कुठल्याही जुन्या गडग्याचा खालचा थर बघा, बोटाने उकरतो.

बाकीचं थोडक्यात. मे महिन्यात जुन्या टाकीचं पाणी साडेएकतीस अंशांपर्यंत गेलं होतं, मला २६-२७ हवं. पंखे लावून उपयोग नाही, आषाढात जिथे कपडे चार दिवस वाळत नाहीत तिथे पंख्याने पाणी कुठलं गार व्हायला. चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, घेतोय. पाणी किनाऱ्यावरून आणणार नाही, जून ते ऑक्टोबर ते गढूळ आणि गोडसर असतं, शिवाय उन्हाळ्यात आमच्या विहिरीचं मचूळ होतं. त्यामुळे आरओचं पाणी आणि तयार मीठ. लाईटसाठी इन्व्हर्टर आणि ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), हे ठरलेलं आहे.

प्रवाळाबद्दल आधीच स्पष्ट करतो. इथल्या समुद्रातून प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा आणणार नाही. दगडी प्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. आणि कायदा नसता तरी आणलं नसतं. पांढरं पडलेलं प्रवाळ मी हाताच्या अंतरावरून बघितलं आहे. टाकीत सिमेंटचे आणि सिरॅमिकचे दगड असतील, आणि हॅचरीत वाढवलेले क्लाउनफिश. आधी मासे न सोडता टाकीतलं पाणी सहा आठवडे फिरवणार, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्याशिवाय मासा सोडणार नाही.

कृपया स्टँडबद्दल बोला. टाकीची ऑर्डर अजून दिलेली नाही.

*

चार दिवसांनी, वरच्या प्रतिसादांना उत्तर:

सगळ्यांचे मनापासून आभार. इतक्या आपुलकीने कोणी माझं गणित तपासेल असं वाटलं नव्हतं.

भिंतीपासून किती लांब खणायचं याचा ज्यांनी हिशोब सांगितला (मूळ पायाच्या तळाखाली आपण जितके खोल जाऊ किमान तितकं अंतर भिंतीपासून सोडायचं), त्यांच्या सांगण्यावरून काल बाहेरच्या बाजूने भिंतीलगत एक खड्डा घेऊन बघितला. आजोबांनी पाया थेट कातळावर बसवला आहे. कातळ पहारीने ठोकला तर खणखणीत वाजला. म्हणजे जुनी भिंत आणि माझ्या नव्या भिंती एकाच कातळावर टेकणार, त्याच्याखाली कोणी जाणार नाही. पहिली शंका मिटली. तरी खड्डे एकदम तिन्ही न घेता एकेक घेऊन बांधून काढणार आहे.

सम्प मागच्या पडवीत न्यायची सूचना तर लाखमोलाची. भिंतीला दोन भोकं पाडली की झालं. चिलरची गरम हवाही बाहेरच जाईल आणि मधली भिंत जागच्या जागी राहील. लाईट जाऊन पंप थांबला की टाकीतलं किती पाणी सम्पमध्ये उतरेल तेही काढलं: या मापाच्या टाकीत एक इंच म्हणजे ३५ लिटर, अधिक पाइपांत अडकलेलं पाच-सहा लिटर. सम्पमध्ये ६० लिटरची जागा कायम रिकामी ठेवेन. पाणसळ धरून स्लॅबची पातळी मी स्वतः तपासणार, त्यात गवंड्यावर सोपवणार नाही.

आता एकच उरलं आहे आणि त्यावर तुमच्यात दोन तट पडले आहेत. काहीजण म्हणताहेत, चिऱ्याच्या भिंतींना वरपासून खालपर्यंत इपॉक्सी मारून टाक, खारं पाणी आत शिरायलाच नको. पण पावसाळ्यात कातळावरून ओल वर चढते, ती आमच्या जोत्यात दरवर्षी दिसते. बाहेरून इपॉक्सीने तोंड बंद केलं तर ती ओल आतच कोंडणार आणि थर फुगून सुटणार, असं मला वाटतं. दुसरा मार्ग म्हणजे जमिनीच्या पातळीवर डांबराचा थर देऊन ओल तिथेच अडवायची, भिंतींना चुन्याचा गिलावा करायचा आणि इपॉक्सी फक्त वरच्या स्लॅबला, कडा ओघळवून. चुना दर दोन वर्षांनी खरवडून पुन्हा केला तरी माझी हरकत नाही, हाताने करेन.

किनाऱ्यालगतच्या चिऱ्याच्या घरात यातलं काही प्रत्यक्ष करून निदान तीन-चार पावसाळे काढलेलं कोणी आहे का? फोटो असेल तर जमिनीपासूनच्या पहिल्या दोन थरांचा टाका. गवंडी सोमवारी येतोय.